कमी दाबाचे राऊतकाका

राऊतकाकांना जिन्यात कुणी "काय काका, कसं काय?" असं विचारलं, तर ते स्वतःबद्दल काही सांगत नाहीत. अरबी समुद्राबद्दल सांगतात.

"ठीक आहे. लक्षद्वीपच्या बाजूला थोडी कुरकुर आहे, पण घाबरण्यासारखं नाय."

नवीन माणसाला वाटतं, लक्षद्वीप म्हणजे काकांच्या पोटाचाच एखादा भाग असावा. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या देसाईबाईंनी तर पहिल्याच दिवशी त्यांना ओवा चावून खायला सांगितला होता. काका शांतपणे म्हणाले, "ओव्याने नाय जाणार. ती वायव्येला सरकली तरच जाईल." देसाईबाई घरात शिरल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, वरच्या आजोबांना जरा जपायला हवं हं." खरं तर आजोबांपासून आपल्याला जपायला हवं, हे त्यांना आठवडाभरातच कळलं. ते कसं, ते सांगतेच.

आधी मी कोण ते सांगते. मी या सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मला कुणी मान म्हणून दिलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मीटिंगला पोहोचायला मला दहा मिनिटं उशीर झाला, आणि मी जिना उतरेपर्यंत सगळ्यांनी माझं नाव सुचवून टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या. माझं डोकं लवकर तापतं, हेही आत्ताच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको.

आमची इमारत वसई पूर्वेला, गोखिवऱ्यात. एका बाजूला कारखान्यांचे गाळे, दुसऱ्या बाजूला डोंगर. समुद्र इथून दिसत नाही. गच्चीवर चढून टाचा उंचावल्या तरी दिसत नाही. आणि अशा इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून हा माणूस अख्खा अरबी समुद्र सांभाळतो.

काका मूळचे आगाशीचे. घरची केळीची वाडी होती, ती आता भाऊ बघतात. काकांनी मात्र जन्मभर कंडक्टरकी केली, विरार-आगाशीच्या लाल बसमध्ये. निवृत्त झाल्यावर ते आणि कमलकाकू इथे फ्लॅट घेऊन राहायला आले. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. एकुलती एक मुलगी लग्न होऊन ओमानला, सलाला नावाच्या समुद्रकाठच्या गावी असते. तेव्हापासून घरात काका एकटे आणि त्यांचं हवामान.

कंडक्टरकी सुटली तरी तोंडातून गेली नाही. समुद्रात कमी दाब तयार झाला की काका म्हणतात, "गाडी स्टँडला लागली." तो एका जागी रेंगाळला की, "उभी आहे. इंजिन चालू आहे. ड्रायव्हर चहाला गेलाय." पुढे सरकायला लागला, की "डबल बेल मिळाली!" आणि वादळ न होताच सगळं विरून गेलं, की "फेरी रद्द."

दाराच्या मागे जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी अरबी समुद्राचा नकाशा काढलाय. कमी दाब ज्या ठिकाणी असेल तिथे ते तिकिटाला भोक पाडायच्या जुन्या चिमट्याने भोक पाडतात. गच्चीवर टाकीच्या शिडीला एक बांबू बांधलाय आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून त्यावर त्यांच्या खाकी पँटचा एक पाय शिवून लावलाय. "आणि दुसरा पाय?" असं मी एकदा विचारलं होतं. "तो स्पेअर," काका म्हणाले.

नियमाला पक्के. तीस वर्षांत एकही माणूस बिनतिकिटाचा बसू दिला नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. एका भाऊबिजेला सख्खा मेव्हणा, म्हणजे कमलकाकूंचा भाऊ, मिठाईचा पुडा घेऊन विरारला त्यांच्याच गाडीत चढला. दाजीच कंडक्टर आहेत म्हटल्यावर त्याने तिकीट काढलं नाही. काकांनी बोळींजला घंटी मारली आणि त्याला खाली उतरवलं. तो पुडा सांभाळत आगाशीपर्यंत चालत आला आणि काकू चार दिवस काकांशी बोलल्या नाहीत.

"पण तुम्हाला कळलं कसं, त्याच्याकडे तिकीट नाही ते?" मी विचारलं.

"बिनतिकिटाचा माणूस तोंडावर कळतो, सेक्रेटरीबाई. तो आपल्याकडे बघत नाय. खिडकीबाहेर बघतो आणि कारण नसताना हसतो."

आता नोटीस बोर्डाचं प्रकरण.

खाली आमचा काचेचा, कुलपाचा नोटीस बोर्ड आहे. काका रोज सकाळी वाऱ्याची बातमी द्यायला माझ्या दारात यायचे. मी पोळ्या लाटत असायचे, तव्यावरची करपायची. शेवटी वैतागून मी बोर्डाचा उजवा कोपरा आणि कुलपाची दुसरी किल्ली त्यांना देऊन टाकली. म्हटलं, लिहा तिथे काय लिहायचं ते, पण माझ्या पोळ्या सोडा. चौथ्याच दिवशी काकांनी सुवाच्य अक्षरात सूचना लावली:

"शुक्रवारपासून कमी दाबाचा पट्टा. चार-पाच दिवस टिकण्याची शक्यता. सर्वांनी सावध राहावे."

ज्याने वसई-विरारमध्ये एक उन्हाळा काढलाय, त्याला 'कमी दाब' या शब्दाचा एकच अर्थ माहीत असतो. नळ! झालं. शुक्रवारी पहाटे अख्खी इमारत पाणी भरायला उठली. पिंपं भरली, बादल्या भरल्या, पातेली, कुकर, मोदकपात्र भरलं. तळमजल्यावरच्या साळवींनी तर लेकीच्या रुखवतासाठी आणलेला तांब्याचा हंडा फडक्यातून काढून भरून ठेवला. साडेसातला गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी. देसाईबाई तेव्हा डोक्याला शिकेकाई लावून नळाखाली बसलेल्या. इकडे वॉचमन 'पट्टा' शब्द वाचून पंपाचा पट्टा तपासायला गेला आणि तपासता तपासता तो खरंच निसटला. मग पाणी चढवणार कोण?

मी तरातरा चौथ्या मजल्यावर गेले.

"काका, हा काय प्रकार आहे?"

"कुठला?"

"हा कमी दाब!"

"आहे की. आग्नेय अरबी समुद्रात. स्टँडला लागलाय."

"अहो, मग तसं लिहा ना! हवेचा दाब म्हणून लिहा! ती बाई डोळ्यांत शिकेकाई घेऊन बसलीये खाली!"

काकांना ते पटलं. पुढच्या वेळी त्यांनी लिहिलं, "उद्यापासून हवेचा दाब कमी होणार." साळवी सकाळी उठून स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा भरून आले. त्यांचं बघून आणखी तिघे गेले. मी कपाळावर हात मारून घेतला. तिसऱ्या वेळची सूचना मात्र काकांनी विचार करून लिहिली होती: "हवेचा कमी दाब. नळाचा नाही, टायरचा नाही, समुद्रावरचा. इमारतीत कुणीही काहीही भरू नये."

एवढं सगळं करून वादळ कधी आलं म्हणाल, तर एकदाही नाही. काकांच्या गाड्या एक तर ओमानला जायच्या, नाहीतर फेरी रद्द. नकाशावरची भोकं बघितली तर सगळी पश्चिमेकडे चाललेली. पोरंटोरं जिन्यात विचारायची, "काका, आज ओमानची गाडी किती वाजता?" काका त्यांच्यावर कधी चिडले नाहीत. पण गाडी ओमानकडे निघाली की त्यांचं जेवणावरचं मन उडायचं, हे मी पाहिलं होतं. आणि फेरी रद्द झाली की आणखीच पडेल चेहऱ्याने फिरायचे. मला वाटायचं, अंदाज चुकला म्हणून म्हाताऱ्याला लागत असेल.

एक गोष्ट मात्र राहून राहून खटकायची. गाडी स्टँडला असली की संध्याकाळी सहाला काकांचं दार बंद. कितीही बेल वाजवा, उघडायचे नाहीत. नंतर विचारलं तर म्हणायचे, "सहाला माझं बुलेटिन असतं." आम्ही समजायचो रेडिओ ऐकत असतील.

यंदा दसरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी बोर्डावर सूचना आली, "गाडी स्टँडला लागली." आम्ही हसून सोडून दिलं. पण दिवस गेले तरी ती तिथेच. वेधशाळाही रोज तेच सांगत होती, की समुद्रातली ही प्रणाली रेंगाळली आहे, वादळ होईलही किंवा होणारही नाही. 'रेंगाळली' हा शब्द काकांना भारीच आवडला. "काय शब्द काढलाय बघा! रेंगाळली!" असं म्हणत ते चार मजले चढून जायचे.

या दिवसांत काका ओळखू येईनासे झाले. रोज दाढी. इस्त्रीचा शर्ट. आगाशीच्या बाजारातून सुकेळी आणून घराघरांत वाटली. सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी, केळीच्याच सोपटात, म्हणजे वाळक्या सालीत, बांधलेली, मधासारखी गोड. ती वाळायला कडक ऊन लागतं. ज्यांच्या घरी सुकेळी होतात ती माणसं ढग बघून कपाळाला आठ्या घालतात, आणि हा वाडीत जन्मलेला माणूस ढग बघून शीळ घालत होता!

माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली म्हणून येत्या रविवारी खाली पटांगणात मोठा कार्यक्रम ठरवला होता. मांडव, जेवण, खेळ, सगळं. आणि बोर्डावर रोज सूचना, "गाडी उभी आहे. मांडव घालणे धोक्याचे." मांडववाला पास्कल निर्मळहून फोनवर फोन करत होता.

"बाई, बांधू का नको? एक काय ते सांगा. कापड उडून डोंगरावर गेलं, तर तुंगारेश्वराला शोधायला मी नाय जाणार हां!"

मी काकांना विचारलं, "काका, तुमची गाडी सुटणार तरी कधी?"

"सुटायची काय घाई आहे? उभी आहे, बरी आहे," असं म्हणून काका हसले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सोमवारी कमिटीची मीटिंग झाली. सगळे काकांवर वैतागलेले. ठरलं, की बोर्डाची किल्ली त्यांच्याकडून परत घ्यायची. हे काम अर्थातच सेक्रेटरीचं. मंगळवारी कामावरून आले, पिशवी ठेवली आणि तशीच वर गेले. रागाच्या भरात सहा वाजलेत हे ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी नेमकं दार नुसतं लोटलेलं होतं. कडी नीट लागली नव्हती. मी दार ढकललं.

काका टेबलाशी ताठ बसले होते. समोर तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला, एका हातात पेन्सिल, पुढ्यात वही. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"बाय, वारा कुठून आहे?" काका विचारत होते. आगाशीकडे लेकीला लाडाने 'बाय' म्हणतात.

"समुद्राकडून, बाबा." स्पीकरवर मुलीचा आवाज आला.

"म्हणजे दक्षिणेचा. लिहितो. ढग?"

"आहेत थोडे."

"बाल्कनीत जाऊन बघितलंस की खिडकीतूनच?"

"बाल्कनीतून."

"चप्पल घालून जात जा. फरशी तापलेली असते तिकडे."

"हो बाबा. आई पण हेच सांगायची."

काकांनी वहीचं पान उगाच सरळ केलं. मग काका घाईघाईने म्हणाले, "वाऱ्याला जोर किती आहे?"

"जोर नाही हो. तुम्ही आज काय केलं होतंत जेवायला?"

"वाल केले होते. खारट झाले."

"मीठ शेवटी घालायचं, बाबा. वाल शिजले की मग."

"असं? आई तसंच करायची?"

"हो."

"लिहितो," काका म्हणाले. आणि त्यांनी खरंच लिहिलं. मला वही दिसत होती. 'वारा दक्षिणेचा, जोर नाही' याच्या खाली त्यांनी त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मीठ शेवटी.'

मी तशीच मागे सरकले, पण दार करकरलं. काकांनी मान वळवून मला पाहिलं. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी लेकीला "बुलेटिन संपलं, उद्या सहाला" असं सांगून फोन ठेवला आणि मला बसायला खुर्ची दिली.

"फोनवर सगळं कमल बोलायची," काका आपणहूनच सांगायला लागले. "तास तास चालायचं माय-लेकींचं. मी मागून ओरडायचो, 'माझीपण आठवण सांग गं!' संपलं माझं काम. कमल गेली आणि फोन माझ्या हातात आला. मी म्हणायचो, 'कशी आहेस?' ती म्हणायची, 'बरी.' 'तिकडे?' 'बरं.' 'ठेवू?' 'ठेवा.' दुसऱ्या स्टॉपच्या आत प्रवास संपायचा, सेक्रेटरीबाई."

"मग?"

"मग एकदा एक वादळ निघालं सलालाच्या दिशेने. मी घाबरलो. फोन केला. खिडक्या लाव, पाणी भरून ठेव, मेणबत्त्या आहेत का, जावईबापू घरी आहेत का... चाळीस मिनिटं बोललो आम्ही! जन्मात पहिल्यांदा. वादळ वाटेतच विरलं, काही झालं नाय. पण मला सापडलं, बाबा. हवेचं काहीतरी असलं, की मला बोलता येतं."

किल्ली मागायला आले होते, ते ओठांवरच राहिलं.

"म्हणून ही गाडी उभी असली की बरं," काका म्हणाले. "इकडे सुटली तर तुमचा मांडव जाईल. तिकडे सुटली तर तिकडे माझी बाय आहे. गाडीने आपलं उभं राहावं, बस्स. उभी आहे तोवर रोज सहाला फोन."

"आणि विरली तर?"

"विरली तर मग मी काय विचारू?"

"अहो, जेवलीस का म्हणून विचारा!"

"विचारलं होतं. 'जेवले' म्हणाली. पुढे?"

मी खाली आले आणि कमिटीला सांगितलं, की कुलूप गंजलंय, किल्ली त्यात अडकलीये, दिवाळीनंतर बघू. इतकं धडधडीत खोटं मी सहा वर्षांत बोलले नव्हते. मला त्याचं काही वाईटही वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी वेधशाळेने जाहीर केलं, की प्रणाली विरून गेली. इमारतीत नुसता जल्लोष. पास्कल दुपारी टेंपो घेऊन हजर झाला, बांबू उतरायला लागले. मी बोर्डाशी गेले. काकांच्या कोपऱ्यात सूचना लागलेली होती, "फेरी रद्द. गैरसोयीबद्दल क्षमस्व." लोक वाचून पोट धरून हसत होते. काका तिथेच उभे होते. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"राहू द्या ना तुमच्याकडे," मी म्हटलं.

"आता काय लिहायचंय त्यात?" असं म्हणून ते जिना चढून गेले. त्या दिवशी दाढी केलेली नव्हती.

संध्याकाळी सहाला मी मुद्दाम वर गेले. दार सताड उघडं. काका ताटात तांदूळ घेऊन निवडत बसले होते. शनिवारीही तेच. तोच तांदूळ, मला वाटतं.

"फोन करा ना, काका."

"केला काल. 'कशी आहेस?' 'बरी.' 'तिकडे?' 'आकाश साफ आहे, बाबा.' 'ठेवू?' 'ठेवा.'"

मला रडू आलं, खरंच सांगते. घरी येऊन मी मोबाईल उघडला आणि कुठे काही कमी दाब मिळतोय का ते शोधायला लागले. नवऱ्याने विचारलं, "काय बघतेस एवढं?" म्हटलं, "अंदमान." ते घाबरून टीव्ही बघायला निघून गेले. अंदमानजवळ खरंच काहीतरी होतं. मी धावत वर गेले.

"काका, काका, अंदमानला स्टँडला लागतेय एक!"

काकांनी कीव केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "ती बंगालच्या उपसागराची. ती गाडी आपल्या डेपोची नाय, सेक्रेटरीबाई."

रविवारी मांडव झकास सजला. पास्कलने झालर लावली, कागदी फुलं लावली. आकाश इतकं स्वच्छ, की माझा त्या आकाशावरच राग होता. काका घरात बसून राहिले असते, म्हणून मी त्यांना ओढून खाली आणलं आणि हाउजीचे आकडे पुकारायला बसवलं. पहिले दोन आकडे त्यांनी मरगळलेल्या आवाजात पुकारले. मग अंगातला कंडक्टर जागा झाला.

"चला, चव्वेचाळीस! चव्वेचाळीस पुढे सरका, मागे जागा आहे! सतरा! सतरा कोण उतरणार? सात! सुट्टे सात!"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. साळवींना पहिली लाइन लागली आणि ते उठले, तर काका म्हणाले, "बसून घ्या, गाडी थांबल्यावर उतरा." मलाही जरा बरं वाटलं.

सहा वाजले आणि काकांच्या खिशातला मोबाईल वाजला.

काकांना कुणी फोन करत नाही. ते आधी खिशाकडे नुसते बघत राहिले. मग मोबाईल काढला. मी शेजारीच होते. पडद्यावर 'बाय' असं नाव, आणि व्हिडिओ कॉल. तो कसा घ्यायचा ते काकांना माहीत नव्हतं. मी हिरवं बटण सरकवलं. देवाशपथ सांगते, मी त्या मुलीला काही कळवलं नव्हतं. माझ्याकडे तिचा नंबरसुद्धा नव्हता.

मुलगी दिसली. कमलकाकूंसारखंच कपाळ. बाल्कनीत उभी होती. पायात चप्पल होती की नाही ते दिसलं नाही. आमच्या सहाला तिकडे साडेचार वाजतात. मागे असं लख्ख ऊन, की तिचे डोळे बारीक झालेले. दोरीवर टॉवेल वाळत घातला होता, तो सरळ खाली लोंबत होता, कणभर हलत नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "इकडे ना, जरा ढगाळ झालंय."

काकांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

"वारापण सुटलाय, बाबा." हे म्हणताना ती आमच्याकडे बघत नव्हती. बाजूला, रस्त्याकडे बघत होती. आणि उगाचच हसत होती.

सख्ख्या मेव्हण्याला बोळींजला उतरवणारा माणूस हा! आता म्हणणार, ऊन दिसतंय की मला, खोटं कशाला बोलतेस? मी मांडवात सगळ्यांना हातानेच गप्प राहायची खूण केली.

"असं?" काका म्हणाले. "ढगाळ?"

"हो ना. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

"बरं केलंस. मग लक्ष ठेवायला पायजे. एका दिवसात नाय कळत हे. उद्या सहाला परत सांग. परवापण."

"हो बाबा. बरेच दिवस राहील, असं वाटतंय."

"राहू दे की. घाई कुणाला आहे?" काका म्हणाले. "आणि बाय, वाल चांगले झाले गं परवा. मीठ शेवटी घातलं."

मग ती हसली, या वेळी समोर बघून, आणि दोघंही बोलत बसली. हाउजी तशीच अर्धवट राहिली. काका मोबाईल घेऊन मांडवभर फिरले. लेकीला झालर दाखवली, साळवी दाखवले, देसाईबाई दाखवल्या, पास्कल दाखवला. गच्चीकडे मोबाईल वर धरून पँटचा पायसुद्धा दाखवला. किती वेळ गेला कोण जाणे. कुणीही त्यांना आकडे पुकारा म्हणून हाक मारली नाही.

फोन ठेवून काका माझ्यापाशी आले आणि हात पुढे केला. मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली.

"काका," मी हळूच म्हटलं, "तिकडे तर..."

"दिसलं मला. बिनतिकिटाची होती," काका म्हणाले.

"मग?"

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि किल्ली खिशात टाकली.

"मग काय. बसू दिली."